लिबेरोला स्मॅश आधीच कसा कळतो?

व्हॉलीबॉलमध्ये अशक्य वाटणारा स्मॅश लिबेरोने, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणाऱ्या खेळाडूने, उचलला की समालोचक हमखास म्हणतात, "काय रिफ्लेक्सेस आहेत!" आणि याच रिफ्लेक्सेसच्या नावावर लुकलुकणारे दिवे बडवायची यंत्रं, मोबाइलवरची 'ब्रेन ट्रेनिंग' ॲप्स खपवली जातात. जरा हिशोब मांडून बघू.

ताशी 100 किलोमीटर वेगाचा स्मॅश सेकंदाला जवळपास 28 मीटर कापतो. जाळीपासून 7 मीटर मागे उभ्या असलेल्या खेळाडूपर्यंत तो पाव सेकंदात पोचतो. दिवा लागला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही धडधाकट तरुणाला साधारण 0.2 सेकंद लागतात. डावीकडे की उजवीकडे हेही ठरवायचं असेल तर आणखी वेळ. दृष्टिपटलातली रासायनिक प्रक्रिया, तिथून मेंदू, मग मज्जारज्जूतून पायाच्या स्नायूंपर्यंतचा प्रवास, यातला बराचसा वेळ सरावाने घटत नाही. तरी स्मॅश उचलले जातात, कारण स्मॅशरचा हात चेंडूला लागायच्या आधीच बचाव करणाऱ्याचा अंदाज बांधून झालेला असतो.

हे तपासायची पद्धत मला फार आवडते. स्मॅशची चित्रफीत दाखवायची आणि हात चेंडूला लागतानाच पडदा काळा करायचा. सांगा, सरळ की क्रॉस (तिरका)? नवख्यांचं उत्तर जवळजवळ नाणेफेक असते. मुरलेले खेळाडू बरेच जास्त वेळा बरोबर सांगतात. मग कधी हात झाकायचा, कधी धड. काय झाकल्यावर अंदाज ढासळतो, त्यावरून मेंदू माहिती कुठून उचलतो ते कळतं.

इटलीत साल्व्हातोरे आलिओती आणि सहकाऱ्यांनी 2008 साली बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवर असाच प्रयोग केला, पण एक पायरी पुढे जाऊन. बघणाऱ्याच्या डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन त्यांनी हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजला. फेक बघताना प्रशिक्षक आणि क्रीडा पत्रकारांचाही चालक मेंदू, म्हणजे हालचाली घडवणारा भाग, जागा होत होता. पण चुकणारी फेक हातातून सुटताना करंगळीच्या स्नायूचा प्रतिसाद नेमका वाढला, तो फक्त खेळाडूंचा. आपण हात हलवतो तेव्हा आदेशाची एक प्रत वापरून मेंदू परिणामाचं भाकीत आधीच करतो. अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूच्या छोट्या भागाचा, यात मोठा वाटा मानतात. तीच यंत्रणा बहुधा समोरच्याच्या शरीरावरही चालवली जाते. म्हणजे नुसतं बघून पुरत नाही, ती कृती स्वतःच्या अंगात मुरलेली असावी लागते.

दिवे बडवून माणूस दिवे बडवण्यात तरबेज होतो. ते कौशल्य मैदानावर उतरतं याचा पुरावा तोकडा आहे. ल्युमॉसिटी या ॲपच्या कंपनीने खेळातली कामगिरीही सुधारते अशी जाहिरात केली होती. दिशाभूल केल्याच्या आरोपावरून 2016 मध्ये अमेरिकेत तिला 20 लाख डॉलर मोजावे लागले.

त्यापेक्षा नजरेचं काम उपयोगाचं. कॅनडाच्या जोन व्हिकर्स यांनी 1990च्या दशकात सर्व्हिस घेणाऱ्यांची नजर मोजली. चांगले खेळाडू चेंडूला नजरेने लवकर पकडत होते आणि जास्त वेळ सोडत नव्हते. कापलेल्या चित्रफितींवर अंदाज बांधायचा आणि लगेच खरं उत्तर बघायचं, हा सरावही खेळाच्या जवळचा आहे. फक्त त्यात फसवे फटके मिसळायलाच हवेत. कसलेला स्मॅशर खांदे क्रॉसकडे ठेवून शेवटच्या क्षणी मनगट वळवतो आणि चेंडू सरळ मारतो. खांद्यांवरच विसंबलेला खेळाडू तोवर उलट्या बाजूला झेपावलेला असतो.