परवान्याचे रिव्हॉल्व्हर, पिस्तूल जवळ बाळगताना
(आमच्या परवानाधारक ग्राहकांसाठी)

आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे वडिलांच्या नावावरून आलेले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असते. पुढे कधीतरी ते पिस्तूल घेतात, पण हाताला सवय जुन्याचीच राहते. घोटाळा तिथेच होतो, कारण दोघांचा धोका वेगवेगळ्या जागी आहे.

रिव्हॉल्व्हर भरले आहे का, हे उघडल्यावर एका नजरेत कळते. कानपूरच्या कारखान्याचे .३२ किंवा ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर वरून मोडून उघडते आणि काडतुसांच्या मागच्या बाजू समोर दिसतात. त्याचा खरा धोका घोड्यात, म्हणजे काडतुसावर मागून आपटणाऱ्या हॅमरमध्ये, असतो. काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या टोपीला (बुडातल्या स्फोटक टिकलीला) टेकलेले असते. असे हत्यार घोड्यावर आपटले, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. नंतरच्या बनावटीत मध्ये अडसर असतो, पण तोही झिजतो. तुमच्या हत्यारात अडसर आहे का आणि तो नीट चालतो का, हे आमच्याकडून तपासून घ्या. तोवर घोड्याखालचे घर, म्हणजे काडतुसाची जागा, रिकामे ठेवा. सहा घरांत पाचच काडतुसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली, तीही राहत्या घरात.

हत्यार हातातून निसटले तर पडू द्या. झेलायला जाणारे बोट नेमके चापावर पडते.

पिस्तुलाचे उलटे. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजू नका. एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, असू शकते. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून धरा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. क्रम चुकला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे काडतूस आत ढकलते. मग तुम्ही मॅगझिन काढता आणि रिकामे समजून भरलेले पिस्तूल हाताळत बसता. कोल्ट १९०३ सारख्या जुन्या परदेशी पिस्तुलात घोडा स्लाइडच्या आत लपलेला असतो. तो चढलेला, म्हणजे बार काढायला तयार, आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. रोज बाळगायचे असेल तर चेंबर रिकामे ठेवावे, असा आमचा सल्ला. सेफ्टीवर विसंबून चेंबर भरलेले ठेवण्याइतका सराव फार थोड्यांना असतो, आणि ज्यांना असतो ते आम्हाला विचारत नाहीत.

होल्स्टरशिवाय कमरेला खोचू नका. खिशात ठेवत असाल तर त्या खिशात किल्ल्या, पेन, सुपारीची डबी काही नको. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे. घामाने आणि पावसाळ्याने चामड्याचे होल्स्टर मऊ पडते, त्याचे तोंड आत दुमडते, आणि हत्यार परत घालताना तीच घडी चाप दाबते. झब्ब्याचे टोक किंवा पायजम्याची नाडीही तेच करते. म्हणून हत्यार परत घालताना घाई करू नका; खाली बघून घाला. घरी आल्यावर ते होल्स्टरमध्येच ठेवू नका, चामड्यातल्या ओलाव्याने गंज धरतो. दुचाकीवर पाठीच्या मधोमध लावू नका. घसरून पडलात तर मार थेट मणक्याला.

कायद्याचे थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, झाकलेले असावे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत हौसेचा बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खंडेनवमीला पूजेत मांडायचे हत्यार आधी रिकामे करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. हळदकुंकू, अक्षता नळीत जाऊ देऊ नका. दसऱ्यानंतर ते साफ करण्यातच आमचे दोन दिवस जातात!

तपासणीला येताना हत्यार रिकामे, काडतुसे वेगळ्या पिशवीत आणि परवाना सोबत आणा. रिकामे करता येत नसेल, काडतूस अडकले असेल, तर जबरदस्ती करू नका आणि घेऊनही येऊ नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी दुकानात फोन करा.