राउटरवरच्या दिव्यांचं माहेर

घरातलं इंटरनेट बंद पडलं की कस्टमर केअरवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एलओएसचा लाल दिवा लागलाय का?" आपण खुर्चीवर चढून भिंतीवरच्या डब्याकडे बघतो, "हो" म्हणतो आणि तक्रार नोंदवली जाते. बऱ्याच घरांत त्याला सरळ 'लॉसचा दिवा' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही. ही तीन अक्षरं मात्र इंटरनेटवाल्यांनी घडवलेली नाहीत, ती टेलिफोनवाल्यांची. राउटरवरच्या दिव्यांची निम्मी भाषा तिथूनच आली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचबोर्डवर आधी छोटी झाकणं पडायची आणि मग दिवे आले. ग्राहकानं रिसीव्हर उचलला की त्याच्या नावाचा इवलासा बल्ब पेटायचा आणि ऑपरेटर दोरीची पिन तिथं खोचायची. पुढे एक्स्चेंज स्वयंचलित झाली, डिजिटल झाली. ग्राहकांच्या तारा ज्या कार्डावर येऊन संपतात ते 'लाइन कार्ड'. तारेला वीज पुरवणं, घंटी वाजवणं, रिसीव्हर उचलल्याचं ओळखणं, आवाजाचे आकडे करणं ही त्याची कामं. राउटरमध्ये लाइनी ज्या कार्डावर येतात, त्यालाही हेच नाव जसंच्या तसं मिळालं.

दिव्यांचे रंगही तिथलेच. अमेरिकेत 1962 पासून एका टी-वन लाइनवर 24 संभाषणं जाऊ लागली. तिथला 'रेड अलार्म' म्हणजे मला समोरचं नीट ऐकू येत नाही. 'यलो अलार्म' म्हणजे समोरचा मला कळवतोय की त्याला माझं ऐकू येत नाही. फरक बारीक, पण फार कामाचा. फक्त पिवळा असेल तर येणारी वाट शाबूत आहे, बिघाड जाणाऱ्या वाटेवर शोधायचा. भारतात युरोपीय पद्धतीची ई-वन आली. तिथं रंगांऐवजी एलओएस (लाल) आणि आरएआय, म्हणजे समोरच्याकडून आलेली अलार्मची खबर (पिवळा), अशी अक्षरं चालतात, अर्थ तोच.

संगणकांचे दिवे वेगळ्या घरातले. 1969 मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन कंपनीनं अर्पानेटसाठी, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यासाठी, आयएमपी हे राउटरचं पूर्वज यंत्र बनवलं. ते हनीवेलच्या 516 संगणकावर उभं होतं आणि त्याच्या पॅनलवरचे दिवे यंत्राच्या पोटातले आकडे दाखवायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच उमगावेत असे. कामाची गोष्ट दुसरीच होती. ही यंत्रं आपली खबरबात अधूनमधून बीबीएनच्या नियंत्रण केंद्राकडे पाठवायची, त्यामुळे दूरच्या शहरातली लाइन तुटली तरी ते इथं बसून कळायचं.

संगणकाला टेलिफोन लाइनवरून जोडणाऱ्या 1981 च्या हेज स्मार्टमोडेमवर दोन-दोन अक्षरांचे दिवे होते. सीडी म्हणजे पलीकडचा सूर सापडला, एसडी आणि आरडी म्हणजे डेटा गेला, आला. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्यानंतर ज्यांनी बाहेरचा मोडेम वापरला, त्यांना त्या कर्कश किंचाळीनंतर सीडीचा दिवा लागेपर्यंत धरलेला श्वास आठवत असेल. हे दिवे जरा जास्तच प्रामाणिक होते. संशोधक जो लॉफ्री आणि डेव्हिड अम्फ्रेस यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं, की काही उपकरणांवरचे दिवे थेट डेटाच्या तारेला जोडलेले असल्यानं दुरून प्रकाश टिपून तो डेटा वाचता येतो.

इथरनेटच्या, म्हणजे नेटवर्कची केबल खोचायच्या, पोर्टवरचा दिवा असं काही बोलत नाही. गिगाबिट लाइनवरचं डेटाचं सर्वांत लहान पाकीट एका मायक्रोसेकंदाच्या आत निघून जातं. ते डोळ्याला दिसावं म्हणून दिव्याची उघडझाप मुद्दाम लांबवलेली असते. त्यामुळे दिवा भराभर लुकलुकतोय म्हणजे नेट वेगात आहे, हा समज सोडून द्यावा. 'लिंक'चा दिवा मात्र खरा पुरावा आहे. इथरनेटच्या 1990 च्या टेनबेस-टी मानकात ठरलं, की बोलण्यासारखं काही नसलं तरी साधारण दर 16 मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवायचा. समोरचे स्पंद ऐकू आले की दिवा. म्हणून केबलमधल्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारांच्या जोड्यांपैकी एकच तुटली तर एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला अंधार, असं घडायचं. रेड-यलोचीच गोष्ट पुन्हा.

सुरुवातीच्या राउटरमध्ये सगळं डोकं एकाच प्रोसेसरला आणि कार्डं नुसती हरकाम्या. नव्वदच्या दशकात ट्रॅफिक इतका वाढला, की प्रत्येक पाकीट त्या एकाच डोक्यापुढे नेणं परवडेना. 1997 मध्ये आलेल्या सिस्कोच्या 12000 मालिकेत प्रत्येक लाइन कार्डाला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि कुठलं पाकीट कुठं पाठवायचं ते सांगणाऱ्या वाटांच्या तक्त्याची स्वतःची प्रत मिळाली. कार्ड म्हणजे आता एक छोटा संगणकच, त्यामुळे ते सुरू व्हायला वेळ घेतं. कुठवर आलंय ते कळावं म्हणून त्यावर चार-चार अक्षरांच्या दोन ओळी होत्या. मेमरी तपासणीपासून सुरू होऊन शेवटी 'आयओएस रन' (आयओएस म्हणजे सिस्कोचं राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) आलं की कार्ड कामाला लागलं. मात्र कार्डाचा हिरवा दिवा म्हणजे कार्डानं स्वतःबद्दल दिलेलं प्रशस्तिपत्र. तक्त्यातली वाटच चुकीची असेल तर पाकिटं भलतीकडे जात राहतात आणि दिवे सगळे हिरवे.

1998 च्या ज्युनिपर एम40 वर पुढच्या बाजूला लाल-पिवळे अलार्म दिवे होते आणि त्या पॅनलचं नाव 'क्राफ्ट इंटरफेस'. टेलिफोन कंपन्यांत तंत्रज्ञांना 'क्राफ्ट' म्हणत, म्हणून. त्यावरच्या एका बटणाला दोन कामं होती. अलार्म गप्प करणं आणि दाबून धरल्यास सगळे दिवे एकदम पेटवून बघणं. न लागलेला लाल दिवा म्हणजे सगळं ठीक, की दिवाच गेलेला? हा प्रश्न एक्स्चेंजवाल्यांनी फार आधी विचारलेला होता. घरच्या डब्यावर तसं बटण नसतं. पण तो चालू करताना बऱ्याचदा सगळे दिवे क्षणभर एकदम लागतात, लॉसचा लालही. ती तीच तपासणी.