पेइंग गेस्ट ठेवायचा की घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचं?

मुलगा बंगळुरूला, मुलगी परदेशात आणि तीन खोल्यांच्या घरात दोघंच उरलेली. कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठ, बिबवेवाडी, कुठेही जा, अशी घरं दिसतील. महिन्याला चार पैसे जास्तीचे हवे असतील तर अशा घरांना पहिला सुचणारा मार्ग म्हणजे रिकामी जागा कुणाला तरी राहायला देणं. पुण्यात राहायला येणाऱ्यांना तोटा नाही. कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की 'मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा देणे आहे' असे कागद विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांत झळकू लागतात. स्पर्धा परीक्षांची मुलं तर बारा महिने जागा शोधत असतात.

गडबड होते ती इथेच. 'आम्ही पीजी (पेइंग गेस्ट) ठेवलाय' आणि 'आम्ही जागा भाड्याने दिलीय' ही दोन वाक्यं लोक एकाच अर्थाने वापरतात. कायदा, सोसायटी आणि आयकर खातं यांच्या लेखी मात्र ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांचे असे कागद होताना मी अनेकदा सोबत बसलो आहे. वयस्कर माणसं एजंट सांगेल तिथे सही करतात आणि आपण नक्की काय दिलं हे त्यांना ठाऊकच नसतं, हे पाहून जीव तुटतो.

फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: रात्री तुम्ही त्याच घरात झोपता का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात पेइंग गेस्टची व्याख्या दिलेली आहे: कुटुंबातला नसलेला माणूस, ज्याला मालक स्वतः राहतो त्या जागेचा काही भाग परवान्याने वापरायला दिला आहे. म्हणजे घर तुमचं चालू आहे, चूल तुमची पेटते आहे आणि तो पाहुणा पैसे देऊन राहतो. याच कायद्यातल्या लायसन्सीच्या, म्हणजे परवान्यावर जागा वापरणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्टला स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये ठरलेल्या मुदतीपुरता जागेच्या वापराचा परवाना तुम्ही देता, आणि बहुतेक वेळा तुम्ही स्वतः दुसरीकडे राहता. पहिल्यात तुम्ही घर वाटून घेता, दुसऱ्यात घर वापरायला देता.

जुन्या पुणेकरांना 'भाडेकरू' म्हटलं की धडकी का भरते, याचं कारणही इथेच आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं. पेठांतल्या वाड्यांमध्ये नाममात्र भाड्यावर पिढ्या राहिल्या. त्यातून वाट म्हणून लोक भाडेकरार टाळून लिव्ह अँड लायसन्स करू लागले, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या लायसन्सींनाच भाडेकरूचा दर्जा दिला. पेइंग गेस्टना तो मिळाला नाही. हात पोळलेल्या मालकांनी पुढे जागा कुलूप लावून ठेवल्या. १९९९ च्या कायद्याने हे चित्र पालटलं. मुदत संपल्यावर लायसन्सी जागा सोडत नसेल तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचं शुल्क (जागेच्या वापराचे ठरलेले पैसे) दुप्पट दराने मागता येतं. त्यामुळे 'दिलेली जागा परत मिळत नाही' ही भीती आज कागद नीट असलेल्या माणसाने बाळगायचं कारण नाही.

कागद नीट असलेल्या, हे मात्र महत्त्वाचं. 'अकरा महिन्यांचाच तर करार आहे, नोटरी केली की झालं' हे वाक्य पुण्यात अजूनही सर्रास ऐकू येतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याहून मोठा फटका वेगळाच आहे. नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ज्या कलम २४ च्या भरवशावर तुम्ही निर्धास्त होता, त्याचा पायाच मग डळमळतो.

आणि यात वाचतं तरी किती? समजा, महिना २०,००० रुपये शुल्क, ६०,००० रुपये डिपॉझिट आणि मुदत ११ महिने. एकूण शुल्क झालं २,२०,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं ५,५०० रुपये. या दोन्हींच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ५६४ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी खर्च घरी येऊन करार करून देणाऱ्याचा. तो लॅपटॉप, कॅमेरा आणि थंब मशीन घेऊन येतो, आधार क्रमांक टाकतो, अंगठा घेतो, फोटो काढतो. वयस्करांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन दोन-तीनदा नाही म्हणतं. तेव्हा वैतागून 'राहू दे, नोटरी करू' म्हणू नका. बोट ओल्या फडक्याने पुसा, दुसरं बोट लावून बघा.

पीजीकडे वळू. त्यात हिशेब वेगळा, कारण तिथे जागेसोबत तुमचे कष्टही विकले जातात. सकाळी सातला चहा, आठला पोहे, कुणाला नऊची लॅब म्हणून डबा. गीझर कधी लावायचा, वॉशिंग मशीन आठवड्यातून किती वेळा, फ्रीजचा कुठला कप्पा त्यांचा, रात्री किती वाजता दार बंद होणार, हे सगळं रोजचं. लातूरहून, नांदेडहून आईचा फोन येतो, 'काकू, तिला दोन दिवस ताप आहे, जरा बघाल का?' आणि काकू बघतात. हे काम पैशात मोजलं जात नाही म्हणून पीजीचं उत्पन्न कागदावर मोठं दिसतं. एका खोलीत दोन कॉट लावून मिळणारी रक्कम बघण्याआधी त्यातून किराणा, गॅस, पोळ्यांच्या बाईंचा वाढलेला पगार आणि वीज वजा करा. विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी वरचा. दोन लॅपटॉप, जास्तीचा गीझर आणि रात्रभर चालणारा पंखा वाढला की ३०० च्या आतलं घर पुढच्या टप्प्यात जातं आणि वरची युनिटं चढ्या दराने मोजली जातात. लिव्ह अँड लायसन्समध्ये महावितरणचं विजेचं आणि एमएनजीएलचं पाइप गॅसचं बिल वापरणाराच भरतो. जोडणी मात्र तुमच्या नावावर असते, म्हणून डिपॉझिट परत देण्याआधी शेवटची दोन्ही बिलं बघून घ्या.

सोसायटीचंही बघायला हवं. सदनिका दुसऱ्याला देऊन तुम्ही बाहेर राहत असाल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतं, त्याहून जास्त कुणी मागत असेल तर हा आदेश दाखवा. तुम्ही स्वतः घरात राहून पीजी ठेवला असेल तर बिनभोगवट्याचा प्रश्नच नाही, भोगवटा तुमचाच आहे. पुणे महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे. ती मध्यंतरी बंद झाली होती आणि २०२३ मध्ये परत आली. सगळं घर भाड्याने दिलं की ती जाते. शुल्क ठरवताना वाढलेला कर धरलेला नसला की वर्षअखेरीला हिशेब चुकतो.

आयकरात लिव्ह अँड लायसन्सचं काम सोपं आहे. मिळालेल्या रकमेतून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या जपायची गरज नाही. राहणारा नोकरदार असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर त्याला घरभाडे भत्त्याची सूट घ्यायला तुमचा पॅन द्यावा लागतो. म्हणून हे उत्पन्न दडवायच्या फंदात पडू नका. पीजीत जेवण आणि सेवा आल्या की ते निव्वळ घरभाडं राहत नाही. तिथे प्रत्यक्ष खर्च दाखवावा लागतो, त्यामुळे किराण्याची वही पहिल्या महिन्यापासून ठेवा.

आता तिसरी गोष्ट, जिच्यामुळे गोंधळ आणखी वाढला आहे. हिंजवडी, विमाननगर, वाकड भागात 'पीजी' या नावाने जे चालतं, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी मालक राहतच नाही. असे पीजी चालवणारा कुणीतरी तुमचा टू-बीएचके घेतो, त्यात आठ-दहा कॉट टाकतो आणि प्रत्येक कॉटचे पैसे वेगळे घेतो. तुम्हाला ठरलेली रक्कम महिन्याला मिळते, म्हणून प्रस्ताव गोड वाटतो. पाटीवर पीजी लिहिलं तरी कायद्याच्या व्याख्येतला पेइंग गेस्ट तो नव्हे. तुम्ही त्या घरात राहत नाही. आत कोण राहतं हे तुम्हाला माहीत नसतं, त्यांच्याशी तुमचा करार नसतो आणि पाण्यावरून, पार्किंगवरून सोसायटीची नोटीस येते ती तुमच्या नावाने. लांब राहणाऱ्या मालकाने यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा दोन हजार कमी मिळाले तरी एखाद्या कुटुंबाला रीतसर करारावर घर द्या.

मग कुणी काय करावं? दुसरा फ्लॅट आहे, तुम्ही तिथे राहत नाही: लिव्ह अँड लायसन्स, दुसरा विचारच नको. राहत्या घरातली एकच खोली रिकामी आहे आणि अंगात उत्साह आहे, घरात माणसांची जाग हवी आहे: पीजी जरूर ठेवा. कित्येक घरांत या मुलींनी म्हाताऱ्या जोडप्याची औषधं आणली आहेत, रात्री दवाखान्यात सोबत केली आहे. पण गुडघे दुखत असतील, कुणाच्या वेळा सांभाळायचा कंटाळा असेल, तर पैशाकडे बघून पीजीचा घाट घालू नका. खोलीला वेगळा दरवाजा आणि स्वतंत्र संडास-बाथरूम असेल तर तेवढा भागही नोंदणीकृत करारावर देता येतो आणि स्वयंपाकाच्या जबाबदारीतून सुटका होते. मग मात्र त्या दाराची दुसरी किल्ली हातात आहे म्हणून केव्हाही आत शिरायचं नाही. पीजीच्या घरात काकूंनी खोलीत डोकावणं चालून जातं, इथे नाही.

दोन्हींत राहायला येणाऱ्याची माहिती पोलिसांना कळवायची. पुणे पोलिसांकडे ती ऑनलाइन भरता येते. परदेशी विद्यार्थी असेल तर २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरायचा, आणि तो खासगी घरालाही लागू आहे.

पीजीत कागद करायला लोक संकोचतात, मुलगी ओळखीतली असते. तरी एक पानभर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि जमल्यास पालकांचीही. तुम्ही स्वतः त्या घरात राहता हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. कुठली कॉट, जेवण किती वेळा, रविवारी संध्याकाळी स्वयंपाक नसेल तर तसं, डिपॉझिट किती आणि त्यातून काय कापणार, एक महिन्याची नोटीस. आणि दिवाळीच्या, मे महिन्याच्या सुट्टीत ती गावी गेली तर पूर्ण पैसे की फक्त कॉटचे, हे आधीच ठरवा. दरवर्षी एप्रिलअखेर सगळ्यात जास्त तोंडं वाकडी होतात ती याच मुद्द्यावरून.