सोलापुरातून पशुवैद्यक होण्यासाठी: प्रवेश, कागदपत्रे आणि नोंदणी

"मला फक्त कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर व्हायचंय," असं बारावीची बरीच मुलं म्हणतात. पण तसा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. पदवी एकच, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन शास्त्राची पदवी. ती साडेपाच वर्षांची असून त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं असतं. आपली पंढरपुरी म्हैस, शेळी, कोंबडी हे सगळं शिकावंच लागतं.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि बाकीच्या नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठामार्फत भरल्या जातात, म्हणून दोन्हींसाठी वेगळा अर्ज करा. सोलापूरकरांना उदगीर आणि शिरवळ ही कॉलेजं त्यातल्या त्यात जवळची.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचा निकाल, शाळा सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र लागतं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअरही. माझं कळकळीचं सांगणं एकच: जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा. निकाल लागल्यावर धावपळ केली, तर मेहनतीने मिळवलेली जागा एका कागदापायी जाऊ शकते.

पदवी हातात आली म्हणजे झालं, असं नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार नोंदणीशिवाय उपचार करता येत नाहीत. आपली नोंदणी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. तिथे पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. दर 5 वर्षांनी नूतनीकरण असतं. पदवी नसून फक्त पशुवैद्यकाची पदविका (डिप्लोमा) असलेल्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवाच देता येतात. शस्त्रक्रियेत किंवा औषधशास्त्रात पुढे जायचं असेल, तर दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. हे पदव्युत्तर शिक्षण आहे.

आता कामाबद्दल. लसीकरण, नसबंदी, जखमा, त्वचेचे आजार हे रोजचंच. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र धापा टाकत आलेला, अंग तापलेला कुत्रा हमखास समोर येतो, आणि चपट्या नाकाचा पग असेल तर मिनिटं मोजावी लागतात. गोचिडांमुळे येणारा तापही इथे खूप पाहावा लागतो. रुग्ण बोलत नाही, मालक घाबरलेला असतो. त्याच्याकडून नेमकं काय खाल्लं, कधीपासून सुस्त आहे, हे धीराने काढून घेणं म्हणजे अर्धं निदान.

आणि इंटर्नशिप सुरू होण्याआधी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस पूर्ण करून घ्या.