हॉकची पार्श्वभूमी: शिकवायचं विमान लढाईला कसं लागलं

हॉक या ब्रिटिश ट्रेनर जेटबद्दल बोलायचं तर आधी नॅटकडे जावं लागतं. नॅट म्हणजे तेच चिमुकलं विमान ज्यानं 1965 च्या युद्धात पाकिस्तानची सेबर फायटर विमानं पाडली. डिझाइन ब्रिटिश, काढलं होतं हलकं फायटर म्हणूनच, पण खुद्द रॉयल एअर फोर्सनं ते फायटर म्हणून घेतलंच नाही, दोन सीटचं करून पोरांना शिकवायला वापरलं. आपण त्यावर लढलो, ते त्यावर शिकले! आणि त्याच नॅटच्या जागी जे ट्रेनर आलं त्या हॉकचा प्रवास बरोब्बर उलटा झाला.

हॉकर सिडलीचं हे विमान पहिल्यांदा उडालं 21 ऑगस्ट 1974 ला आणि 1976 मध्ये रॉयल एअर फोर्सच्या ताफ्यात आलं. मागची सीट चांगली उंच ठेवलीय, इन्स्ट्रक्टरला शिकाऊच्या डोक्यावरून समोरचा रनवे दिसतो. इंजिन अडूर, जॅग्वार या लढाऊ विमानातलंच, फक्त आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नाही, त्यामुळे खर्च आटोक्यात. पण नेमबाजी शिकवायची म्हणून पोटाखाली 30 मिमी तोफेचा पॉड आणि पंखांखाली बॉम्ब-रॉकेट लावायची सोय होती, आणि सरावाचे बॉम्ब टाकणारं विमान खरे बॉम्बही टाकू शकतंच ना, सगळी मेख तिथेच आहे. 1980 च्या दशकात ब्रिटननं ऐंशीहून जास्त हॉकना साइडवाइंडर ही हवेतल्या हवेत विमान पाडणारी मिसाइल लावायची व्यवस्था केली. स्वतःचं रडार नाहीच, तेव्हा रडारवाल्या मोठ्या फायटरनं शत्रू शोधायचा आणि यांनी त्याच्यासोबत जाऊन हाणायचा, असा प्लॅन. पुढे तर नाकात रडार असलेलं सिंगल सीटर हॉक 200 पण काढलं, ते ओमान, मलेशिया, इंडोनेशियानं घेतलं.

आपल्याकडे मात्र नुसतं ट्रेनर मिळायलाच दोन दशकं गेली. हवाई दलाच्या अपघातांवरच्या ला फॉन्टेन कमिटीनं 1982 मध्येच अॅडव्हान्स्ड जेट ट्रेनर घ्या म्हणून सांगितलं होतं, तरी किरण या साध्यासुध्या ट्रेनर जेटवर शिकलेली पोरं ताशी 300 किमीच्या आसपास वेगानं उतरणाऱ्या मिग-21 वर जातच राहिली. करार झाला थेट 2004 ला, 66 विमानांचा, त्यातली 24 तयार आली आणि 42 एचएएलनं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवायची ठरली. फेब्रुवारी 2008 मध्ये बिदरला हॉक हवाई दलात दाखल झालं. मग एचएएललाही तीच हुक्की आली, त्यांनी स्वतःच्या खर्चानं हॉक-आय नावाचं लढाऊ रूप तयार केलं आणि जानेवारी 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्याजवळ त्यावरून धावपट्टी उडवायचं स्वदेशी अस्त्र टाकूनही दाखवलं.