रायफलची नळी झिजते कुठे?

रायफलची नळी सहसा मागच्या बाजूने म्हातारी होते. गोळी बाहेर पडते ते तोंड चांगलं टिकतं. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्याच्या, लगेच पुढचा, जिथे रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या) खाचा सुरू होतात तो बोटभर भाग आधी जातो.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी सर्रास वापरलं जाणारं .308 विंचेस्टर हे 1952 सालचं काडतूस घ्या. बार उडाला की चेंबरमधला दाब वातावरणाच्या चार हजार पटींपर्यंत जाऊ शकतो. पोलाद साधारण 1,450 अंश सेल्सिअसला वितळतं आणि जळत्या दारूचा वायू त्याहून कितीतरी तप्त असतो. नळी वाचते, कारण हा मारा जेमतेम मिलिसेकंदभर टिकतो. तेवढ्यात पृष्ठभागाचा पातळ थर भाजून निघतो, आतलं गार पोलाद ती उष्णता लगेच ओढून घेतं आणि थर पुन्हा आक्रसतो. दर गोळीला हेच. शिवाय वायूतला कार्बन पोलादात मुरून ते ठिसूळ करतो. बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची बारीक दुर्बीण) आत घातला तर आटलेल्या तळ्यातल्या गाळासारखं भेगांचं जाळं दिसतं. पुढचा वायू त्या भेगांच्या कडा खरवडून नेतो, खाचांची सुरुवात पुढे सरकत जाते आणि नेम पसरू लागतो.

दारू जास्त आणि भोक अरुंद, तर झीज झपाट्याने होते. त्यातही तापलेल्या नळीतून सलग गोळ्या झाडणं सगळ्यात वाईट. मात्र हंगामात मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्या शिकाऱ्याची नळी अशी जळायला आयुष्य लागतं. तो नळी बदलतो ती बहुधा कारखान्याच्या नळीचा नेम समाधानकारक नसतो म्हणून, किंवा काडतूसच बदलायचं असतं म्हणून. .308, .243 आणि 6.5 क्रीडमूर यांचा बुडाचा व्यास सारखाच, त्यामुळे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) तोच चालतो. (भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच आहे आणि बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो.)

जुनी नळी काढायला मुख्यतः जोर लागतो. खरं कसब आहे ते नवी बसवताना हेडस्पेस जुळवण्यात. बोल्टच्या तोंडापासून काडतुसाचा खांदा (मानेकडे निमुळता होणारा भाग) चेंबरमध्ये टेकतो तिथपर्यंतचं हे अंतर. ते कमी पडलं तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त झालं तर काडतुसाची पितळी केस (टोपण) प्रत्येक वेळी बार उडताना बुडाजवळ ताणली जाते, आणि कधीतरी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो. हे अंतर गेजने, म्हणजे काडतुसाच्या आकाराच्या अचूक मापाच्या पोलादी तुकड्याने, तपासतात. .308 साठी ‘गो’ गेज 41.40 मिलिमीटरचा, ‘नो-गो’ 41.50 चा. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. सगळा खेळ एक दशांश मिलिमीटरचा!

रेमिंग्टन 700 मध्ये (1962) नळी आट्यांवरून फिरत जाऊन आपल्या खांद्यावर (नळीवरच्या जाड कडेवर) टेकते. तो खांदा आणि चेंबरची खोली कारागिराला लेथवर त्या विशिष्ट रायफलपुरती जुळवावी लागते. सॅव्हेज 110 साठी (1958) निकोलस ब्रूअर यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी नळीवर एक मोठा नट दिला. चेंबरमध्ये गो गेज ठेवायचा, बोल्ट बंद करायचा, नळी टेकेपर्यंत हाताने फिरवायची आणि नट आवळायचा. आटे इंचाला 20, म्हणजे एका फेऱ्यात नळी 1.27 मिलिमीटर सरकते. एक दशांश मिलिमीटरसाठी तीस अंशांहून कमी फिरवायचं. उत्पादन स्वस्त व्हावं म्हणून योजलेला हा नट पुढे घरच्या घरी नळी बदलणाऱ्या हौशी लोकांना वरदान ठरला. मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते.

ब्रिटनमध्ये नळी बदललेली बंदूक विकण्याआधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचा बार उडवून तपासून घ्यावी लागते. अमेरिकेत अशी सक्ती नाही. तिथे काही जण नो-गो गेजचे पैसे वाचवायला गो गेजच्या बुडाला चिकटपट्टी लावून काम भागवतात. मला ते पटत नाही. चिकटपट्टी दाबली जाते, पोलादी गेज दाबला जात नाही.