वाटीभर करवंदांत हवा किती?

मे महिन्यात कोल्हापुरात फळं एका मापानं मिळत नाहीत. हापूस डझनावर, द्राक्षं किलोवर, आणि गगनबावड्याकडून आलेली करवंदं-जांभळं मापानं नाहीतर वाट्यानं. घेणाऱ्याचं त्यात काही अडत नाही. अडतं ते मोबाइलवरची पाककृती ‘दोन कप आंब्याच्या फोडी’ म्हणते तेव्हा. आंबे आणायचे किती?

पाण्याचं सोपं, एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. आमरसही त्याच्या आसपासच, अंगच्या साखरेमुळे जरासा जड. फोडी केल्या की मात्र हिशेब फिसकटतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात त्यांच्या एका कपात, म्हणजे सुमारे २३७ मिलिलिटरमध्ये, आंब्याच्या फोडी १६५ ग्रॅम बसतात. स्ट्रॉबेरी अख्खी भरली तर १४४, चकत्या १६६, गर केला तर २३२. फळ तेच, कप तोच. बदलली ती मधली हवा.

यातला अख्ख्या स्ट्रॉबेरीचा आकडा गराच्या ६२ टक्के भरतो. आता गणित बघा: एकसारखे गोळे भांड्यात ओतून हलवले, तर ते सुमारे ६४ टक्केच जागा व्यापतात. महाद्वार रोडवरच्या गाडीवर मोसंबी रचतात तशी नीट रचली, तर ७४ टक्के. याहून दाट रचना होत नाही, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६११ मध्ये मांडलं. ते सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडलं; गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी ते केलं, तेही संगणकाच्या मदतीनं. स्ट्रॉबेरी काही गोल नसते, त्यामुळे आपला हा मेळ थोडा योगायोगाचाही आहे. गोळा लहान की मोठा, यानं टक्केवारी बदलत नाही, एवढं मात्र खरं. वाटी छोटी आणि फळ मोठं असेल तर कडेला जादा पोकळी राहते, ती वेगळी.

घरी डिजिटल काटा असेल तर हवा मोजता येते. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, द्राक्षं काठोकाठ भरा, आकडा लिहून घ्या. मग काठापर्यंत पाणी ओता. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर हवा होती.

हीच हवा साखरेतही असते, आणि तिथं ती जास्त नडते. साखरेचा दाणा पाण्याच्या दीडपटीहून जड, तरी दीडशे मिलिलिटरच्या वाटीत साखर भरते जेमतेम सव्वाशे ग्रॅम. त्याच वाटीत आमरस एकशे साठच्या घरात. म्हणजे ‘वाटीला वाटी’ घेतली की साखर वजनानं पाचव्या हिश्श्यानं कमी पडते. जॅममध्ये विरघळलेले घटक किमान ६५ टक्के हवेत, असा आपल्याकडचा नियम आहे; साखर कमी पडली की तिथवर पोचायला आटवत बसावं लागतं, नाहीतर बरणीत बुरशी.

गुळांब्याला तर वाटी वापरूच नये असं माझं मत. चिरलेला गूळ मोकळा भरला की वेगळा, दाबला की वेगळा. कैरीच्या किसाचंही तेच. त्यात गूळ मिसळून ठेवला की किसाला पाणी सुटतं, कीस बसतो आणि पातेल्यातली पातळी उतरते. काट्यावर मात्र ग्रॅमभरही फरक पडत नाही.